खांद्यावरची दोन बोटं

त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स चौकात लागला तेव्हा त्याच्या डाव्या खांद्यावर माझी दोन बोटं राहून गेली होती.

बाकीची मी कापली गेले होते. माझ्या जागी निळं आकाश, पांढरे ढग आणि दोन कबुतरं आली होती. पण माझ्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तिथेच होतं, त्याच्या चौकड्याच्या शर्टावर टेकलेलं. फोटो माणसापेक्षा मोठा केलेला, त्यामुळे बोटंही मनगटाएवढी जाड दिसत होती. तर्जनीत चांदीची अंगठी. आणि त्याच तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं. पहिलीत असताना शाळेच्या बसच्या दारात ते बोट चेंगरलं होतं, तेव्हापासून नख वाढतं ते मधे रेघ घेऊनच. एरवी ती रेघ कोणाच्या लक्षात येत नाही. चौकात ती सिग्नलला थांबलेल्या प्रत्येकाला दिसत होती.

मी आईच्या मागे स्कूटीवर बसले होते. एप्रिलची सकाळ होती, नऊ वाजताच डांबर तापलं होतं. ऑफिसला जाताना आई मला रोज कॉलेजला सोडायची. सिग्नल लाल होता. मी उजवा हात बॅगेखाली घातला आणि मूठ आवळून बसले. आईने फ्लेक्सकडे पाहिलं. "किती तरुण मुलगा गं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "स्कार्फ नीट बांध."

कॉलेजच्या फाटकापाशी उतरल्यावर मी अंगठी काढून कंपासपेटीत टाकली. नख कुठे टाकणार होते?

तो गेला हे मला दोन दिवसांपासून माहीत होतं. आमच्या घरात मात्र मला ते माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

तो फ्लेक्स छापायच्या दुकानात डिझाइन करायचा. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली, सगळं त्याच्या हातून जायचं. सकाळी कॉलेज, दुपारपासून दुकान. घरी विड्या वळणारी आई, त्याच्या लहानपणीच गेलेले वडील. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात येईल त्याची भाषा. मी इंग्लिश मीडियमची. शाळेत मराठी बोलायची बंदी होती आणि घरी इंग्रजी कोणी बोलत नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागली. कॉलेजच्या गॅदरिंगच्या फ्लेक्सवर इंग्रजी मजकूर होता. तो तपासायला मला त्याच्या खुर्चीमागे उभं करण्यात आलं. चूक दिसली की मी स्क्रीनवर बोट ठेवायचे, बोलायचे नाही. चौथ्या वेळी तो मागे न वळता म्हणाला, "मॅडम, तोंडानं सांगितलं तरी चालतंय."

त्यानंतर इंग्रजीतलं काहीही आलं की तो मला फोनवर पाठवायचा. बरोबर आहे का बघ. पुढे पुढे सगळं बरोबर असलेलंही पाठवू लागला.

त्याच्या कामातल्या गोष्टी मला ऐकायला आवडायच्या. त्यानेच सांगितलं होतं की गेलेल्या माणसाचा एकट्याचा चांगला फोटो घरात कधी सापडत नाही. "लग्नातला असतोय, नाहीतर सहलीतला. खांद्यावर कुणाचा तरी हात असतोयच. शेजारचा माणूस कापायला दोन मिनिटं लागतात. हात काढायला अर्धा तास."

"मग हाताच्या जागी काय येतं?"

"शर्ट येतो. साधा असला तर ठीक. चौकड्याचा असला की वाट लागली. दुसऱ्या खांद्यावरचा चौकडा उचलून आणायचा, एकेक रेघ जुळवायची. नाहीतर घरच्यांना कळतंय की."

"मग तू चौकड्याचे शर्ट का घालतोस?"

"मला कोण कापणारे?" तो म्हणाला आणि हसला.

आमचा दोघांचा एकच फोटो होता. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत माझ्या मैत्रिणीने काढलेला. ती त्याच्याच गल्लीत राहणारी, आमचं सगळं फक्त तिला माहीत. मी त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून उभी होते. मैत्रीण म्हणाली, "अगं, पासपोर्टसाठी काढतेय का मी? हात तरी ठेव त्याच्यावर." मी दोन बोटं ठेवली. भर गर्दीत मी त्याला केलेला तो पहिला आणि शेवटचा स्पर्श. त्याला तो फोटो इतका आवडला की त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेतला, उजेड वाढवला, मागची गर्दी पुसट केली आणि स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवून दिला.

ते त्याने मला सांगितलं ते एप्रिलमध्ये, आणि तेही चुकीच्या दिवशी. माझा चुलत भाऊ, आमचा दादा, गल्लीतल्या मंडळात असतो. जेवताना तो म्हणाला की उद्या सकाळी स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला जाणार आहे, आणि दुकान तेच निघालं. दादाची पद्धत मला माहीत होती. डिझाइनवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि 'हा नको, दुसरा दाखव' करत सगळे फोटो उघडायला लावायचे.

मी जेवणावरून उठले आणि खोलीत जाऊन मेसेज केला. तो फोटो आजच डिलीट कर.

त्याचं उत्तर आलं, "आज दुकान बंद आहे. मालक लग्नाला मैंदर्गीला गेलेत. उद्या सकाळी गेल्या गेल्या करतो."

"उद्या दादा येणार आहे. आत्ता कर. किल्ली तुझ्याकडेच असते ना?"

"बाहेर ऊन बघ की."

"तुला काय जातंय बोलायला. पकडली जाईन मी."

मग, "अम्मानं दह्याला पाठवलंय. आधी तुझं काम, मग अम्माचं. जातो."

तो शेवटचा मेसेज. त्यानंतर सगळे माझेच आहेत. मी खोलीत फेऱ्या मारत होते. पलंग ते खिडकी, खिडकी ते पलंग. पंख्याची हवा गरम येत होती. वीस मिनिटांनी मी लिहिलं, "झालं?" मग, "इतका वेळ?" मग, "मुद्दाम करतोयस ना?" आणि चारच्या सुमाराला, "जाऊ दे. तुझ्याकडून होणार नाही." चारही मेसेजसमोर एकच टिक. फोन बंद करून बसलाय, असं मला वाटलं. मी चिडले होते. मी किती चिडले होते ते मला अजून आठवतं, आणि लपवावंसं वाटतं ते तेच.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. दुकानाच्या अलीकडच्या वळणावर पाण्याचा टँकर मागे येत होता. तो जागेवरच गेला होता, आणि फोनचा चुरा झाला होता.

फोटो तसाच राहिला. मालक लग्नघर सोडून परत आले, त्याचा फोल्डर उघडला आणि त्यातला सगळ्यात चांगला फोटो घेतला. त्यांना घाई असणार. शेजारची मुलगी त्यांनी कापली. हात काढायला लागणारा अर्धा तास मात्र त्यांच्याकडे नव्हता.

आणि दादा? दादाचा वाढदिवसाचा फ्लेक्स एक दिवस उशिरा त्याच चौकात, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला लागूनच लागला. गॉगल, हातात फोन, मागे सिंह. सकाळी पोहे खाताना दादा म्हणाला, "नेमका दुकानातला पोरगा गेला ना, म्हणून लेट झाला." त्याच्या फोटोपासून तीन फुटांवर माझी बोटं होती. तो रोज तिथे थांबून स्वतःचा फ्लेक्स बघायचा. शेजारचा त्याने एकदाही नीट पाहिला नसावा. ज्याच्या भीतीने मी त्याला भर उन्हात पाठवलं, त्या माणसाला माझं नख ओळखता आलं नसतं.

अंत्ययात्रेला मी गेले नाही. कोण म्हणून जाणार होते? चौथ्या दिवशी मैत्रीण मला समाचाराला घेऊन गेली, तिच्या कॉलेजातली मुलगी म्हणून.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत त्याची आई भिंतीला टेकून बसली होती, बायका गोल करून. प्रत्येक नव्या बाईला ती तेच सांगत होती, त्याच शब्दांत, जणू कोणी म्हणून घेतंय.

"नणंद येणार होती जेवायला. घरात पेरुगु नव्हतं." दह्याला ती पेरुगुच म्हणायची. "म्हटलं जा, घेऊन ये. तर म्हणतोय, अम्मा, ऊन लई हाय, नंतर जातो. मी म्हटलं, घेतल्याशिवाय घरी येऊ नको. माझ्या तोंडून गेलं ते. कोपऱ्यावर मिळालं नसंल, म्हणून पुढं गेला. डबा रिकामाच होता की गाडीला. घेतल्याशिवाय येऊ नको म्हटलं, नाही आला."

"तुमचा काय दोष अक्का," एक बाई म्हणाली.

"दोष कुणाचा मग? दह्याचा?"

स्टीलचा तो डबा कोनाड्यात ठेवलेला होता. एका बाजूने चेपलेला.

मला तेव्हाच बोलायचं होतं. दह्याचं दुकान कोपऱ्यावर उघडं होतं. तो तिथे थांबलाच नव्हता, माझ्यासाठी सरळ पुढे गेला होता. फक्त इतकं सांगायचं होतं. पाणी पिऊन, नमस्कार करून मी बाहेर आले. गल्लीच्या तोंडाशी मैत्रीण म्हणाली, "सांगायची गरज नाही. तू गेलीस हेच पुष्कळ झालं." मी मान हलवली. पण त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. पुस्तक उघडायचं, मिटायचं. गच्चीवर जायचं, तापलेल्या फरशीवरून परत यायचं. आई विचारायची, "काय हरवलंय का?" मी म्हणायचे, "अंगठी." ती शोधायला लागायची.

दोन दिवसांनी एक बदल झाला. कॉलेजला सोडताना आईने चौकाचा रस्ता सोडला आणि लांबून गाडी घातली. म्हणाली, "तिकडे खोदून ठेवलंय सगळं." दुपारी मी रिक्षाने मुद्दाम चौकातून आले. कुठेही काही खोदलेलं नव्हतं. घरी आल्यावर आईने अंगठीचा विषय पुन्हा काढला नाही, तेव्हा नाही आणि आजपर्यंतही नाही. आमच्या घरात असंच असतं. कळलेली गोष्ट बोलून दाखवायची पद्धत नाही.

मी दुसऱ्यांदा त्याच्या घरी गेले, तिसऱ्यांदा गेले. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून. रिक्षात वाक्य जुळवायचे, आधी इंग्रजीत सुचायचं, मग मराठीत. दारातली चपलांची रांग पाहिली की वाक्य जायचं.

तिसऱ्या खेपेला त्याच्या आईला एक काम निघालं. त्याचा मोबाइल नंबर तिला बंद होऊ द्यायचा नव्हता. स्वतःच्या नावावर करून नवं सिम घ्यायचं होतं. "त्याचा नंबर पाठ हाय मला," ती म्हणाली. "दुसरा कुठला पाठ व्हायचा आता?" दुकानातून फॉर्म आला होता, सगळा इंग्रजीत. मैत्रिणीने पटकन सांगून टाकलं, "हिला द्या, ही इंग्लिश मीडियमची आहे."

मी पेन उघडलं आणि थांबले. नंबर नव्या फोनवर सुरू झाला की अडकलेले मेसेज त्यावर येऊन पडतील, असं मला वाटलं. झालं? इतका वेळ? मुद्दाम करतोयस ना? तुझ्याकडून होणार नाही. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. ती ते कोणाकडून तरी वाचून घेईल, बहुतेक माझ्याकडूनच.

मी नंबरातला एक आकडा चुकीचा लिहिला. सातच्या जागी एक. मुद्दाम.

घरी येऊन मी अंघोळ केली, परत केली. तो असता तर म्हणाला असता, मॅडम, चूक दिसली की तुम्हीच बोट ठेवायचात ना?

आठवड्याने फॉर्म परत आला. त्याच्या आईने मैत्रिणीकडे निरोप दिला, त्या शांत पोरीला पाठव, तिच्या हातून काय तरी राहिलंय.

मी एकटीच गेले. दुपारचे दोन-अडीच झाले होते. दिवसकार्य होऊन गेलं होतं, बायकांचं येणं थांबलं होतं. दारात एकच चपलांचा जोड. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मला आधी धक्काच बसला, मग माझीच लाज वाटली. काम केल्याशिवाय कसं चालणार होतं? कात्रीने कापलेली पानं ओल्या फडक्यात, सुपात तंबाखू, दोरा. पान हातात घ्यायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांनी वळायचं, टोक नखाने आत दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. डोळे दुसरीकडेच, हात आपोआप चाललेले.

"बस," ती म्हणाली. "आकडा चुकला म्हणतेत."

"हो काकू. माझ्याकडून चुकला."

मी फॉर्म गुडघ्यावर घेऊन लिहायला लागले. नाव. पत्ता. अर्जदाराशी नातं. लिहिता लिहिता जाणवलं की विड्यांचा आवाज थांबलाय. पानांची ती बारीक करकर बंद झाली होती. मी वर पाहिलं नाही.

तिने माझं बोट धरलं. पेनासकट. तर्जनी उताणी केली, परत पालथी केली आणि नखावरून आपला अंगठा फिरवला. तिचा अंगठा खरखरीत होता, तंबाखूने पिवळा.

"हे नख मी रोज चौकात बघते," ती म्हणाली. "कारखान्यात विड्या द्यायला जाताना. येताना. सगळ्यांना इचारलं, हा हात कुणाचा. म्हणे, हैद्राबादच्या चुलतभावाचा. मी काय येडी हाय? चाळीस वर्षं हातच बघतेय मी. विडी वळणाऱ्या पोरीचं नख असं राहत न्हाय. आमच्यातली न्हाय ही, एवढं कळलं होतं."

मी हात ओढून घेतला नाही.

"अंगठी काढलीस होय?"

"हो."

"त्यानं दिलेली?"

"नाही. आईची आहे."

ती थोडं हसल्यासारखी झाली. "हां. तो कुठला द्यायला. मला बोलला असता तर बरं झालं असतं. मी काय खाल्लं नसतं तुला." तिने माझ्या हातावर हात ठेवला, आणि तो इतका मायेने ठेवला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिला वाटलं होतं की ज्या मुलीला ती शोधत होती ती सापडली, आता तिला आणि मला मिळून रडता येईल. मी गप्प राहिले असते तर तसंच झालं असतं. त्या घरात मला कायमची जागा मिळाली असती, आणि तिच्याकडे दह्याचा डबा राहिला असता.

"काकू, तो दह्यासाठी पुढे गेला नव्हता."

मी सांगितलं. वाक्यं कशीही येत होती, मधेच इंग्रजी शब्द, ते तिला कळायचे नाहीत म्हणून परत मराठीत. तो फोटो. दुकानातलं फोल्डर. माझा दादा. बंद दुकान आणि किल्ली. ऊन आहे म्हणाला तेही सांगितलं. "मी त्याला म्हटलं आत्ताच्या आत्ता जा. दही तो येताना घेणार होता. म्हणून डबा रिकामा होता."

"कशावरून?"

मी फोन काढला.

"वाच."

मी त्याचा शेवटचा मेसेज वाचला. आधी तुझं काम, मग अम्माचं. जातो.

"पुढं?"

"पुढे माझेच आहेत."

"वाच की."

मी चारही वाचले. शेवटचा पहिल्यांदा तिला ऐकू गेला नाही, म्हणून परत वाचावा लागला. तुझ्याकडून होणार नाही.

बाहेर कोणाच्या तरी मागावर कापड विणलं जात होतं, तो खटखट आवाज तेवढा येत होता. ती म्हणाली, "हे त्यानं वाचलं?"

"नाही. त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत."

"नक्की?"

"नक्की. एकच टिक आहे." मी फोन तिच्यापुढे धरला. तिने ती टिक बोटाने चाचपून पाहिली, नखावरून अंगठा फिरवला होता तशीच.

"आणि नंबर चालू केला की हे मला येणार?"

"बहुतेक येतील. म्हणून मी आकडा चुकवला. मुद्दाम."

तिने फॉर्म माझ्या गुडघ्यावरून उचलला, घडी घातली, अजून एक घडी घातली आणि सुपाखाली सरकवून ठेवला. अर्धी राहिलेली विडी हातात घेतली. तिचा दोरा सुटला होता. तिने तंबाखू परत सुपात झटकला आणि पान बाजूला टाकलं.

"म्हणजे मी म्हटलं म्हणून नाही गेला," ती म्हणाली. मला नाही, कोनाड्याकडे बघून.

"नाही काकू."

"घेतल्याशिवाय येऊ नको म्हटलं म्हणून न्हाय."

"नाही."

"आता जा तू."

ती रागाने म्हणाली नव्हती. दुसऱ्या कशानेही म्हणाली नव्हती. मी चपला घातल्या. दारातून वळून पाहिलं तर ती नवीन पान कापत होती, कात्री नीट चालत नव्हती.

त्यानंतर तिने मला बोलावलं नाही. मीही गेले नाही. जे काही कळायचं ते मैत्रिणीकडून. आता कोणी आलं तर ती म्हणते, दुकानात काम होतं त्याचं, तिकडं निघाला होता. दह्याचं नाव काढत नाही. माझंही काढत नाही. नंबरचा फॉर्म तिने दुकानात दिलाच नाही, आणि काही महिन्यांनी तो नंबर बंद पडला. माझ्या फोनमध्ये एकच टिक आहे तशी आहे. चौकातला फ्लेक्स उन्हाने फिका पडला. आधी आकाश गेलं, मग कबुतरं. बोटं गेली की नाही ते मी पाहिलं नाही. मधेच एका निवडणुकीचा त्यावर लागला.

वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी मैत्रीण म्हणाली, "काकूंनी तुला यायला सांगितलंय." मी दोन दिवस नीट जेवले नाही. त्या दिवशी आईला सांगितलं, मैत्रिणीकडे कार्यक्रम आहे. आईने विचारलं नाही कसला. "पांढरा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय," एवढंच म्हणाली.

घर माणसांनी भरलं होतं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, फ्रेम केलेला. तोच. जत्रेतला, चौकड्याच्या शर्टातला. मी लांबूनच डावा खांदा बघितला.

खांदा रिकामा होता.

पंगत बसल्यावर ती मला आत, पाण्याच्या पिंपापाशी घेऊन गेली. आवाज खाली आणून म्हणाली, "हात मीच काढायला सांगितला मालकांना. चौकातला गेला, पण हा घरात राहणार. माणसं येतेत. तुझं लग्न व्हायचंय अजून. उद्या कुणी वळखलं म्हणजे?"

मी मान हलवली.

"तुला पायजेच होतं ना ते?"

तिच्या डोळ्यांत बघून मला अजूनही सांगता येत नाही की ती मला सांभाळत होती की शिक्षा देत होती. कदाचित दोन्ही एकदमच चाललं असेल. मी त्याला जे करायला पाठवलं होतं, ते शेवटी तिने करून टाकलं होतं, माझ्यासाठी. आणि तेव्हा मला कळलं की ती बोटं तिथे राहावीत असं मला गेलं वर्षभर वाटत होतं.

"हो काकू," मी म्हणाले. "पाहिजे होतं."

"जेवून जा. कढी केलीय."

मी जेवले. कढी आंबट होती, आणि मी ती दोनदा घेतली, कारण ती वाढायला स्वतः आली. निघताना बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं, म्हणून फोटोच्या अगदी जवळ गेले. मालकांनी काम मन लावून केलं होतं. लांबून काही कळत नव्हतं. पण जवळून दिसत होतं. खांद्याच्या शिवणीपाशी, माझी बोटं होती तिथे, आडवी निळी रेघ येऊन अडत होती आणि पुढे केसभर खाली सुरू होत होती.

चौकडा जुळला नव्हता. त्याने जुळवला असता.